‘फडताळ’च्या प्रकल्प नोंदी: जून ते ऑगस्ट २०२५

२ जून २०२५

आजपासून सुरुवात. प्रकल्पाचं नाव ‘फडताळ’. आजोळी स्वयंपाकघराच्या भिंतीत एक फडताळ होतं. काडेपेटी, हिंग, तापाची गोळी, शिवणाची सुई, अंधारातसुद्धा हात बरोबर जागेवर जायचा. आमच्या कोडच्या तुकड्यांना तसं ठिकाण करायचं आहे.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कंटाळा आला की वाचता येईल. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही सहाजण. गिऱ्हाईकं म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावकडच्या फौंड्र्या, करवीर-शिरोळकडच्या दूध संस्था, दोन-तीन पतसंस्था. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, पण खालची किरकोळ कामं तीच ती: एक्सेलमधून आलेली यादी साफ करणं, तारखा सरळ करणं, दुबार नावं शोधणं, जुने बॅकअप हलवणं. त्यासाठी दहा-वीस ओळींचे तुकडे प्रत्येकानं कधी ना कधी लिहिलेत. ते कुणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेत, कुणाच्या डेस्कटॉपवर ‘उपयोगी नवीन ३’ नावाच्या फायलीत आहेत, कुणाच्या मेलच्या ड्राफ्टमध्ये, तर काही थेट गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर पडून आहेत. गेल्या आठवड्यात मी दीड तास बसून बऱ्याच सीएसव्ही फायली एकत्र जोडणारी स्क्रिप्ट लिहिली. संध्याकाळी कळलं की ताईकडे तीच स्क्रिप्ट तीन वर्षांपासून आहे, आणि माझ्यापेक्षा चांगली.

ताई मूळची गारगोटीची, इथं आठ वर्षं आहे आणि ३१ जुलैला पुण्याला चालली आहे. तिच्या होम फोल्डरमध्ये काय काय आहे ते तिलाच ठाऊक. सरांनी रोज एक तास या कामाला दिला आहे. दोन महिने हातात आहेत.

४ जून

सगळ्यांकडून जे मिळेल ते एका रेपोत, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारात, ओतलं. १४३ तुकडे निघाले. एकाच कामाचे वेगवेगळे अवतार बाजूला केल्यावर उरले ६१. दुबार ओळी मोजायचे तर नऊ प्रकार सापडले, त्यातले दोन चुकीचे. चूक दोन्हीकडे एकच: ‘युनिक’ ही आज्ञा फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते, त्यामुळे आधी ‘सॉर्ट’ केलं नाही तर लांब लांब पडलेल्या दुबार ओळी तशाच राहतात. दोन्ही तुकडे लिहिणाऱ्यांकडं चालले होते, कारण त्यांची यादी मुळातच क्रमानं लावलेली होती.

हे वाक्य मी वहीत वेगळं लिहून घेतलं आहे. तुकडा चुकीचा असून चालला, कारण त्याला मिळालेला माल सोयीचा होता.

५ जून

कागलचा पोरगा नवीन आहे, तीन महिने झालेत. त्यानं पाठवलेली आज्ञा माझ्याकडं चालेना. अर्धा तास गेला. त्यानं ती आयफोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवली होती आणि तिथल्या स्मार्ट पंक्चुएशननं दोन सरळ वजाबाकीच्या खुणांची एक लांब रेघ केली होती, सरळ अवतरणचिन्हं वळणदार केली होती. डोळ्यांना फरक कळत नाही, टर्मिनलला कळतो.

दुसरी तशीच भानगड विंडोजवरून आलेल्या बॅश फायलींची, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा लिहिलेल्या फायलींची. ओळीच्या शेवटी विंडोजचं जादा चिन्ह राहतं आणि लिनक्स म्हणतं, असा इंटरप्रिटरच नाही. रेपोत गिटॲट्रिब्यूट्सची फाइल घालून बॅशच्या सगळ्या फायलींना एकच ओळशेवट सक्तीचा केला.

ठरलं: तुकडा चॅटवर द्यायचा नाही. चॅटवर फक्त फडताळातला पत्ता द्यायचा.

१० जून

आजचा अख्खा दिवस ‘कऱ्हाड’वर गेला, आणि तो गेला हे बरं झालं.

शिरोलीच्या एका फौंड्रीच्या माल-रवानगीच्या अहवालात कऱ्हाड दोनदा येत होतं. एका कऱ्हाडला मे महिन्यात १८ गाड्या, दुसऱ्या कऱ्हाडला ७. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब. पुढं-मागं मोकळी जागा नाही, फाँट एकच. पायथनमध्ये लांबी विचारली तर एक शब्द ६ आणि दुसरा ७.

मग एकेक खूण सुटी करून पाहिली. पहिल्यात क, मग ऱ म्हणजे यू+०९३१ (अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक), मग हलन्त, मग ह, काना, ड. दुसऱ्यात क, साधा र म्हणजे यू+०९३०, हलन्त, त्यानंतर न दिसणारं एक चिन्ह यू+२००डी, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, आणि मग ह, काना, ड. मराठीतला हा आडवा अर्धा र, कऱ्हाडातला, दुसऱ्यातला, सुऱ्यातला, युनिकोडमध्ये दोन्ही रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही रीती दिसायला सारख्याच. स्टोअरमधला माणूस इनस्क्रिप्टवर टाइप करतो, तिथं ऱ ला स्वतःची कळ आहे. ऑफिसातल्या बाई फोनेटिक वापरतात. एकाच गावाला जाणाऱ्या गाड्या कीबोर्डाप्रमाणं वाटल्या गेल्या.

मला वाटलं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं तेच अक्षर एकसारखं करायची युनिकोडची रीत, लावलं की संपलं. नाही संपलं. र आणि खालचा नुक्ता असं वेगवेगळं लिहिलेलं असेल तर एनएफसी त्याचा एक ऱ करतं, पण जोडकवाल्या रीतीला हात लावत नाही. मग आमच्याच ६१ पैकी एक तुकडा लावून पाहिला, ‘न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका’ असा. त्यानं जोडक काढला आणि कऱ्हाडचं झालं कर्हाड, रफार ह च्या डोक्यावर. आता यादीत दोन गावं होतीच, त्यातलं एक चुकीच्या शुद्धलेखनाचं झालं. तो तुकडा इंग्रजी यादी साफ करण्यासाठी लिहिलेला होता. तिथं तो निर्दोष आहे. मराठीत जोडकाला काम असतं.

संध्याकाळी ताईला सहज सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, माझ्याकडं ‘कराड’ नावाचा फोल्डर आहे बघ.” उघडला. आठ ओळींची स्क्रिप्ट: आधी र, हलन्त, जोडक या तीन खुणांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचा, आणि त्यानंतरच उरलेलं साफ करायचं. शेजारी एक छोटी मजकूर फाइल, तिच्यात तोच शब्द तीन रीतींनी लिहिलेला. आणि वर दोन ओळींची टीप: ‘सगळे जोडक सरसकट काढू नका, रफार होतो. २०२१ मध्ये पतसंस्थेच्या यादीत झाला होता.’

माझ्या हातात दिवसभर जे नव्हतं ते त्या दोन ओळींत होतं. कोड मीही लिहिला असता. तो कशावर मोडतो हे मला माहीत नव्हतं, आणि तेच तिनं मोडलेल्या मालासकट जपून ठेवलं होतं.

११ जून

कालच्यावरून फडताळाचा नियम ठरला. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फोल्डर. आत कोड, एक नमुना फाइल, त्या नमुन्यावर यायला हवं ते उत्तर, आणि वर चार ओळी: काय करतो, कसा चालवायचा, कशावर मोडला, कुठून आला. तिसरी ओळ रिकामी असेल तर तुकडा आत घ्यायचा नाही. सर म्हणाले, ‘अजून मोडलाच नसेल तर?’ तर मोडून बघायचा आणि मग लिहायचं.

त्याच फौंड्रीच्या स्टॉकमध्ये ॲल्युमिनियमही दोनदा निघालं. कालचाच भाऊबंद. ॲ हे अक्षर यू+०९७२ म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय अ वर चंद्र देण्याची, ती अजून बऱ्याच कीबोर्डांत आहे. एनएफसी या दोघांनाही एक मानत नाही. ताईच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, नमुना फाइलमध्ये दोन शब्द वाढवले.

१६ जून

दूध संस्थांचे आकडे. सचिव फॅट आणि लिटर मराठी आकड्यांत भरतात, आणि त्यांनी तसंच भरावं. आपल्या गावच्या माणसाला आपले आकडे टाइप करता आले पाहिजेत याबद्दल माझं मत पक्कं आहे. पायथनला ‘६.५’ दिलं तरी तो सरळ साडेसहा समजतो. जावास्क्रिप्टला दिलं की उत्तर ‘संख्या नाही’. रेगेक्समध्येही, म्हणजे मजकुरात साचा शोधायच्या खुणांमध्येही, तसंच: अंकासाठीची खूण पायथन ३ मध्ये देवनागरी अंकही पकडते, जावास्क्रिप्टमध्ये फक्त शून्य ते नऊचे इंग्रजी अंक. म्हणजे सर्व्हरवर जे पास होतं ते ब्राउझरमध्ये नापास होतं, आणि सचिव म्हणतात सॉफ्टवेअर लहरी आहे. तुकडा तीन ओळींचा आहे: यू+०९६६ ते यू+०९६एफ या दहा अंकांतून ०९६६ वजा करायचे. मोडायची जागा: कुणी दशांश टिंबाऐवजी पूर्णविरामाच्या दंडासारखं काही टाकलं तर. नमुन्यात तेही घातलं.

सीएसव्हीचं पण आजच मिटवलं. एक्सेलमध्ये मराठी नावांचा चिखल दिसतो म्हणून यूटीएफ-८ फायलीच्या सुरुवातीला तीन बाइटांचं बॉम चिन्ह घालायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तीच फाइल परत वाचताना साधी यूटीएफ-८ म्हणून वाचली तर ते चिन्ह पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतं आणि ‘सभासद क्रमांक’ नावाचा रकाना सापडत नाही असा निरोप येतो. आमच्यातल्या चौघांनी हे वेगवेगळ्या वर्षी शोधून काढलं होतं. चौघांनी वेगवेगळी संध्याकाळ घालवली होती.

२१ जून, शनिवार

आज नुकसान झालं. जसं झालं तसं लिहितो.

जुने बॅकअप पुसणारी स्क्रिप्ट मी एका दूध संस्थेच्या नव्या सर्व्हरवर चालवली. ती माझीच, चार वर्षं दुसऱ्या सर्व्हरवर सरळ चाललेली. फोल्डरचं नाव ती सेटिंगच्या फायलीतून उचलते. नव्या सर्व्हरवर त्या सेटिंगचं नाव वेगळं होतं, त्यामुळं हाती आलं रिकामं नाव. रिकाम्या नावापुढं तिरकी रेघ, पुढं तारा, आणि आधी आरएम ही पुसायची आज्ञा. म्हणजे ‘मुळापासून सगळं पुस’. रूटचा अधिकार नव्हता म्हणून यंत्रणा वाचली, पण त्या वापरकर्त्याच्या मालकीचं जेवढं होतं तेवढं गेलं, त्यात संकलनाच्या पावत्यांचे फोटो होते. गुरुवार रात्रीची प्रत बाहेरच्या डिस्कवर होती. शुक्रवार आणि आज सकाळचे ५८ फोटो गेले. संस्थेत जाऊन सचिवांना समोर बसून सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं जास्त लागलं. संकलनावरच्या पोरांच्या फोनमधून दुपारपर्यंत ५१ परत मिळवले, सात पावत्या पुन्हा लिहून घेतल्या.

आता धडा नीट तपासून. मला वाटलं होतं की बॅशचा ‘सेट -यू’ हा पर्याय असता तर वाचलो असतो. नसतो वाचलो. तो पर्याय फक्त कधीच न भरलेल्या चलाला (व्हेरिएबलला) अडवतो. माझं चल भरलेलं होतं, रिकाम्या मजकुरानं. त्याला चलाच्या नावापुढं कोलन आणि प्रश्नचिन्ह द्यावं लागतं. तेव्हा बॅश रिकाम्या मजकुरालाही थांबते आणि आपण लिहिलेला निरोप देते. तारा वापरून पुसणं बंद. ‘फाइंड’नं शोधायचं, आधी यादी फक्त छापायची, डोळ्यांनी बघायची, मग पुसायचं. ‘फाइंड’चीही खोच आहे: दिवसांच्या पर्यायाला अधिक ३० दिलं तर तो २४ तासांचे पूर्ण दिवस मोजून अपूर्णांक सोडतो, त्यामुळं किमान ३१ पूर्ण दिवस झालेलीच फाइल धरतो.

‘कशावर मोडला’ या ओळीत आजची तारीख आणि ५८ हा आकडा घातला आहे. नमुन्यात रिकामी सेटिंग फाइल.

२४ जून

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय. सर्व्हर जागतिक वेळेवर आहे आणि आपण साडेपाच तास पुढं. सकाळी सहाचा एसएमएस साडेअकराला गेला; तोवर दुधाच्या गाड्या डेअरीवर पोचून रिकाम्या होतात. वेळ ०:३० केली. इथवर सोपं. खरी अडचण दहा दिवसांच्या बिलाची. बिल १, ११ आणि २१ तारखेला रात्री दोनला काढायचं होतं. आपले रात्रीचे दोन म्हणजे सर्व्हरवर आदल्या दिवशीचे २०:३०. ११ चं १० होतं, २१ चं २०, पण १ तारखेचं काय? कधी ३०, कधी ३१, फेब्रुवारीत आणखी वेगळं, आणि ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असं क्रॉनच्या पाच रकान्यांत थेट लिहिता येत नाही. बिल पहाटे सहाला हलवलं, तेव्हा दोन्हीकडं तारीख एकच असते. दूध घालायला आलेल्या माणसाला सातला बिल मिळालं तरी पुरतं.

क्रॉनला आपल्या टर्मिनलसारखा पाथ (आज्ञा कुठं शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) नसतो, आज्ञांचे पूर्ण पत्ते द्यावेत. हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे विसरतात.

२ जुलै

‘कुठून आला’ ही ओळ भरताना ६१ पैकी ११ तुकड्यांना वारस मिळेना. इंटरनेटवरून उचललेले, मूळ पत्ता नाही. यात ढिलाई नको. कोड कुठंतरी उघडा दिसतो म्हणजे वापरायची परवानगी असते असं नाही. परवाना लिहिलेला नसेल तर हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए परवान्याखाली असतो: लिहिणाऱ्याचा उल्लेख करायचा, आणि बदल करून पुढं वाटला तर त्याच परवान्याखाली. एमआयटी परवान्याचं असेल तर परवान्याचा मजकूर आणि हक्काची ओळ सोबत ठेवायची. कुणीतरी रात्री बसून दुसऱ्याची अडचण सोडवलेली असते, त्याचं नाव पुसून आपण ते गिऱ्हाइकाला विकायचं हे मला पटत नाही. सात तुकडे नव्यानं लिहिले, चार काढून टाकले.

दोन तुकड्यांत डेटाबेसचे पासवर्ड निघाले. फायलीतून काढले तरी गिटच्या, म्हणजे रेपोतल्या बदलांच्या, इतिहासात राहतात, म्हणून पासवर्डच बदलले.

९ जुलै

जीएसटी क्रमांक तपासणारा तुकडा. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीचं बिल ग्राहकाकडून परत आलं, क्रमांकात दोन अक्षरं उलटी पडली होती. आमच्याकडं तपासणी होती, पण फक्त साच्याची: १५ जागा, पहिल्या दोन राज्याच्या, महाराष्ट्राला २७, पुढच्या दहा पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, मग एक नोंदणीचा क्रम, मग सहसा झेड, आणि शेवटची जागा पडताळणीची. दोन अक्षरं उलटी झाली तरी साचा तोच राहतो.

पडताळणीची जागा कशी निघते ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. शिकलो, आणि फार आवडलं. शून्य ते नऊ यांची किंमत तीच, ए म्हणजे १०, झेड म्हणजे ३५. पहिल्या १४ जागांना आळीपाळीनं १ आणि २ नं गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला ३६ नं भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. सगळ्या बेरजा मिळवायच्या, ३६ नं भागून बाकी काढायची, ती ३६ मधून वजा करायची. येईल ती किंमत शेवटच्या जागेवर (३६ आलं तर शून्य). आपल्याकडच्या क्रमांकांत गंमत अशी की सुरुवातीचे २ आणि ७ मिळून नेहमी २ अधिक १४ म्हणजे १६ देतात, आणि चौदाव्या जागेचा झेड ३५ गुणिले २ म्हणजे ७०, त्याचा भागाकार १ आणि बाकी ३४, म्हणून नेहमी ३५. कागलच्या पोराला फळ्यावर करून दाखवलं, तो वहीवर स्वतः करून बसला आणि अर्ध्या तासानं विचारतो, “दादा, शेजारची दोन उलटी झाली तर ह्ये दरवेळी घावतंय का?”

मला उत्तर येत नव्हतं. दोघांनी मिळून १,२९६ जोड्यांवर फिरवून पाहिलं. फक्त शून्य आणि झेड शेजारी-शेजारी उलटे पडले तर बेरीज बदलत नाही, बाकी प्रत्येक उलटापालट सापडते. आणि शून्य-झेड पॅनमध्ये उलटे पडले तर अंकाच्या जागी अक्षर येतं, म्हणजे साच्यातच अडकतं. दोन्ही तपासण्या एकमेकींची भोकं बुजवतात. हे त्या पोराच्या नावानं फडताळात गेलं.

टीपेत घातलं: क्रमांक चालू आहे की रद्द झालाय हे यातून कळत नाही, ते जीएसटीच्या पोर्टलवरच बघायचं.

१७ जुलै

पतसंस्थेच्या जुन्या ठरावांच्या फायली श्रीलिपीत, काही कृतिदेवमध्ये, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत. ताईचा रूपांतरक. त्यात कुठल्या जुन्या चिन्हाच्या जागी कुठलं अक्षर हा तक्ता आहे तो आहेच, पण जीव आहे तो क्रमात. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, आणि ती एका अक्षरावरून उचलून चालत नाही: ‘स्थिती’त ती अर्ध्या स सकट पूर्ण थ ओलांडून जावी लागते. रफार उलट्या दिशेनं: ‘मूर्ती’त तो त आणि वेलांटी यांच्याही मागं असतो, तो दोन्ही ओलांडून पुढं आणायचा. तक्त्यात लांब जोड्या आधी बदलायच्या, नाहीतर छोटी जोडी मोठीचा लचका तोडते. नमुना फाइलमध्ये तिनं ४० शब्द ठेवले आहेत, प्रत्येक शब्द कुठल्या तरी ठरावात फुटलेला.

प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा, म्हणून फोल्डरच्या नावातच फाँटचं नाव.

२४ जुलै

पाऊस. पंचगंगेकडं सगळ्यांचं लक्ष. आमच्यातले दोघे सखल भागात राहतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता, तेव्हापासून सर्व्हर तळमजल्यावरून वर हलवलाय. राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज एका फायलीत भरायची आणि इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट यांच्याशी ताडून निरोप पाठवायचा, अशी छोटी स्क्रिप्ट दोन वर्षांपासून आहे. फडताळात घेताना ‘कशावर मोडला’ ही ओळ रिकामी होती, म्हणून मोडायला बसलो.

मोडली. पातळी फूट-इंचात सांगतात. ३९ फूट ५ इंच कुणी ३९.५ भरतो, कुणी ३९.०५. दोन्ही चूक, ५ इंच म्हणजे फुटाचा ०.४२ भाग. आणि ३९ फूट १० इंच कुणी ३९.१० भरलं की संगणक त्याला ३९.१ समजतो, म्हणजे ३९.५ पेक्षा कमी. पाणी पाच इंच चढलेलं असताना आमची स्क्रिप्ट म्हणणार, उतरलं.

अंगावर काटा आला. दोन वर्षं घरातली माणसं या निरोपावर अवलंबून होती. सरकारी खबर वेगळी येतच असते, ती सगळे बघतात, पण रात्री फोन वाजतो तो आमचा. आता एकच संख्या भरायची सोय काढून टाकली. फूट वेगळे, इंच वेगळे, इंच ११ च्या वर गेले तर घ्यायचं नाही, आणि आत सगळं इंचात: इशारा ४६८, धोका ५१६. ३९ फूट ५ इंच म्हणजे ४७३, ३९ फूट १० इंच म्हणजे ४७८. जुन्या फायलीतल्या नोंदी आम्ही चौघांनी बसून हातानं सुधारल्या.

३१ जुलै

ताईचा शेवटचा दिवस. पेढे झाले, सरांचं भाषण झालं. त्याआधी सकाळी दोन तास ती आणि मी तिच्या १९ तुकड्यांची तिसरी ओळ पूर्ण करत होतो. तिला प्रत्येकाची हकिगत आठवत होती. “हा पन्हाळ्याच्या संस्थेत मोडला, सभासद क्रमांकापुढची शून्यं एक्सेलनं खाल्ली होती.” “ह्यात खाते क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा होता, शेवटचे अंक शून्य झाले.” मी टाइप करत गेलो. एका तुकड्यापाशी थांबली, म्हणाली हा का लिहिला ते आठवत नाही. तो तिनं स्वतः पुसला.

फडताळात आता ६४ तुकडे आहेत.

१२ ऑगस्ट

कागलच्या पोराचा स्वतःचा पहिला तुकडा. दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला होता: “अहो साहेब, आमच्या रजिस्टरात काळे कासारांच्या मागनं येतात की. तुमच्या यादीत आधीच कसं काय?” त्यांचं बरोबर आहे. वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय, आणि साधं सॉर्ट क्रमांकच बघतं. पोरानं क्रमाची किल्ली बनवली: तुलनेपुरता ळ ह च्या मागं न्यायचा, मूळ नावाला हात लावायचा नाही. नमुन्यात चार नावं: काळे, कावरे, काशीद, कासार. उत्तर: कावरे, काशीद, कासार, काळे.

मी फोल्डर तपासला. तिसरी ओळ त्यानं न सांगता भरली होती: ‘कुलकर्णी आणि कुळकर्णी आधी यादीत जवळजवळ यायचे, आता लांब पडतात. संस्थेत दोन्ही आहेत, त्यातले दोघे एकाच घरातले. सचिवांना उद्या विचारतो.’